हॅनिगनभाऊंचं हळदीकुंकू

सुलभा,

सिंगापूरच्या मंडळाच्या दिवाळी अंकवाल्यांनी 'आपल्यातलं एक माणूस' असा विषय दिलाय आणि वर सुचवलंय की शक्यतो कुणी उद्योजक वगैरे घ्या. मी तुला घेतलंय. 'माझ्यावर काय लिहायचंय, मी मेलेय का?' असं म्हणून तू चिडशील. मेली नाहीस म्हणूनच लिहितेय. मेलेल्या माणसांवर सगळे गोड लिहितात, आणि तुझ्यावर गोड लिहायची माझी मुळीच इच्छा नाही. तू हट्टी आहेस, फोनवर ओरडून बोलतेस आणि पत्त्यांत लबाडी करतेस. पण मागच्या वर्षी सेंगकांगमध्ये तू जो प्रताप केलास तो तुझा मुलगा पाहुण्यांना विनोद म्हणून सांगतो, आणि तो चुकीचा सांगतो. म्हणून एकदा नीट सांगून टाकते. तुला मी 'ती' म्हणणार आहे. ऐकून घे. मध्ये बोलू नकोस.

तर, सुलभा टिपणीस मूळची रोह्याची. मुंबईत बी.एस्सी. झाली, बँकेत लागली, लग्न झालं, आणि पस्तिशी उलटल्यावर नवऱ्यामागून अमेरिकेत गेली. नवरा प्रबोध, काचेच्या कारखान्यात इंजिनिअर. गाव ओहायो राज्यातलं टोलीडो. मुलगा संजीव तेव्हा दुसरीत होता. तिथे तिची बी.एस्सी. कुणी विचारली नाही, मग तिनेही ती कुणाला सांगितली नाही. मोटार लायसन्सच्या सरकारी कचेरीत खिडकीवरची नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. खिडकीवर बसणाऱ्याला दोनच गोष्टी यायला लागतात, असं ती म्हणते: समोरचा थापा मारतोय हे ओळखणं, आणि रांग पुढे सरकवणं.

एका हिवाळ्यात राज्य सरकारने असल्या छोट्या कचेऱ्या बंद करायचं काढलं. खिडकीवरच्या बायका पाट्या घेऊन बर्फात उभ्या राहिल्या. सुलभाही राहिली, स्वेटरवर स्वेटर आणि त्यावर नवऱ्याचा कोट घालून. त्या भागातला आमदार, वॉल्टर हॅनिगन, गाडीतून उतरला. डोक्याला टोपी नाही, कान लाल झालेले. एकेकीपाशी थांबत सुलभापाशी आला आणि त्याने नाव विचारलं.

"सुलाबा?"

"नाही."

"सल्भा?"

"नाही."

तिसऱ्यांदा बरोबर म्हणाला आणि मगच पुढचं बोलला. हिने सरळ विचारलं, "तुम्ही काय करणार?"

"विरोधात बोलेन, विरोधात मत देईन आणि बहुतेक हरेन."

बोलला, मत दिलं आणि हरला. खिडकी बंद झाली, सुलभाची बदली लांबच्या गावी झाली, रोज बर्फातून गाडी हाकायची वेळ आली, आणि त्या दिवसापासून ती त्याची मतदार झाली. "हरेन म्हणाला आणि हरला. शब्दाचा पक्का माणूस," असं ती अजून सांगते. ऐकणारा हसला, तर लायसन्स नाकारताना बघावं तशी त्याच्याकडे बघते.

पुढे हॅनिगन दिल्लीला गेला, म्हणजे त्यांच्या दिल्लीला, वॉशिंग्टनला. तिथे म्हातारा झाला. इकडे प्रबोध गेला, टोलीडोचं घर एकटीला मोठं व्हायला लागलं, आणि संजीवने तिला सिंगापूरला आणलं. संजीव तोवर तिथे नोकरीच्या पासवर येऊन स्थिरावला होता. सेंगकांगला चौदाव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट, खाली खेळण्याच्या रेल्वेसारखी दोन डब्यांची गाडी वळसे घेत जाते. सून स्मिता पुण्याची, कामसू आणि समजूतदार. नात वल्लरी जन्माने टोलीडोची, वाढली सिंगापुरात, अठरा वर्षांची. आजीशी मराठीत बोलायला सुरुवात करते आणि वाक्य सिंगापुरी पद्धतीने 'लाह'वर संपवते.

घर चांगलं. माणसं चांगली. फक्त एक वाक्य वाईट. "आई, आता तुम्ही नको." एकदा चुकून ती उलट्या दिशेच्या गाडीत बसली आणि पुंगोलला जाऊन पोहोचली, तेव्हापासून एकटीने गाडीत बसायला नको. एकदा दूध उतू गेलं, तेव्हापासून गॅसशी नको. बोलता बोलता एखादा शब्द आठवेना, की घरातलं कुणीतरी तो पटकन तिच्या तोंडात घालायचं, लहान पोराला घास भरवावा तसा. वाईट हेतूने नव्हे. पण पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईला शब्द शोधायचा हक्क नाही का?

अशात हॅनिगन राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला. वय एक कमी ऐंशी.

तिकडची पद्धत अशी की पक्षाचा उमेदवार कोण, हे आधी पक्षाच्याच मतदारांनी ठरवायचं, एकेका राज्यात मतं घेऊन. परदेशात राहणाऱ्या अमेरिकनांसाठीही तसं मतदान असतं, मार्चमध्ये. कुठल्या देशात कुणाला किती मतं पडली ते नंतर जाहीर होतं. सुलभाने हे सगळं स्मिताच्या कॉम्प्युटरवर वाचून काढलं आणि जाहीर केलं, "टोलीडोत त्याला मतं पडोत न पडोत, ते तिकडचे बघतील. सिंगापूर माझ्याकडे."

हॅनिगनचं काही खरं नव्हतं. पुढे होता एक गव्हर्नर, तरुण, दात पांढरे शुभ्र, वाक्यं तोंडपाठ. हॅनिगनच्या सभांना खुर्च्या उरायच्या. जानेवारीत टीव्हीवर सगळ्या उमेदवारांचा वादविवाद झाला. तिकडची रात्र म्हणजे इकडची सकाळ, सगळे चहा घेत बसलेले. हॅनिगन बोलता बोलता थांबला. शब्द सापडेना. कॅमेरा त्याच्या तोंडावर रोखलेला, तो वर छताकडे बघतोय, गव्हर्नर खाली बघून गालात हसतोय. बऱ्याच वेळाने त्याला शब्द सापडला. साधाच होता, 'पाइपलाइन'.

"संपलं," संजीव म्हणाला. "आई, आता त्याने बसावं."

"का?"

"अगं, शब्द आठवत नाहीत त्याला!"

"सापडला ना शेवटी? त्याचा त्याने शोधला. कुणी भरवला नाही." आणि मग जरा थांबून, "तू गव्हर्नरचा का?"

"मी कुणाचा नाही. मला पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे."

त्या संध्याकाळी तिने ठरवलं की हळदीकुंकू करायचं.

यात हसण्यासारखं काही नाही. महाराष्ट्रात नगरसेवकाच्या निवडणुकीपासून सगळीकडे हेच चालतं. संक्रांत ते रथसप्तमी, वॉर्डातल्या बायका बोलवायच्या, हळदीकुंकू, तिळगूळ, हातात वाण, आणि वाणावर उमेदवाराचं नाव. बाई पटली की घर पटलं. सुलभाने आपल्या वहिनीला दादरला फोन केला आणि चाळीस स्टीलच्या वाट्यांची ऑर्डर दिली. प्रत्येक वाटीवर मशिनने नाव घालून घ्यायचं: 'वॉल्टर हॅनिगन यांजकडून सप्रेम भेट'.

"कोण हे?" वहिनीने विचारलं.

"आमचे उमेदवार."

"ख्रिश्चन का? मग हळदीकुंकू कसं?"

"वहिनी, कुंकू मी लावणारेय, तो नाही."

वाट्या आणल्या गुरुप्रसादने. हा बुकित बातोकला राहणाऱ्या, मंडळातल्या मधुराचा नवरा, जहाजावर इंजिनिअर, मुंबईहून सिंगापूरला बोट पकडायला येत होता. त्याच्या बॅगेत बॉयलर सूटमध्ये गुंडाळलेल्या चाळीस वाट्या बघून विमानतळावरच्या माणसाने काय समजायचं ते समजून घेतलं आणि जाऊ दिलं.

घरात मात्र संजीवने डोक्याला हात लावला. "आई, हा देश वेगळा आहे. बाहेरच्या देशाचं राजकारण इथे आणलेलं चालत नाही. माझा पास आहे."

"तुझा पास आहे आणि माझं हळदीकुंकू आहे. ते रस्त्यात नाही, घरात आहे. पोलीस आले तर त्यांनाही तिळगूळ देईन, गोड बोला म्हणेन."

मग बायकांचे फोन सुरू झाले. एकीने आडून विचारलं, "काकू, म्हणजे कुंकू लावायला स्मिताच असेल ना?" विधवेने हळदीकुंकू करायचं की नाही, हा प्रश्न चौदा मजले चढून आला होता. सुलभा म्हणाली, "मी लावणार. ज्यांना चालत नसेल त्यांनी लावून घेऊ नये. मात्र त्यांना वाटी मिळणार नाही." त्या बाई सगळ्यात आधी हजर झाल्या.

रथसप्तमीच्या आदल्या रविवारी तो फ्लॅट असा भरला की चपलांना लिफ्टपर्यंत रांग. यिशुनहून, बुकित बातोकहून, कुठून कुठून बायका आल्या. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, आणि 'पार्किंग मिळालं का?' त्याच्या आदल्याच दिवशी पहिल्या राज्याचा निकाल लागला होता, हॅनिगन चौथा. सुलभाने कुंकू लावलं, अत्तर लावलं, आणि सगळ्यांना बसवून भाषणाला उभी राहिली. बर्फ, पाट्या, लाल कान, सगळं सांगितलं. नाव तिसऱ्यांदा बरोबर घेतलं, यावर बायकांनी माना डोलावल्या. आपली नावं रोज ऑफिसात मोडून घेणाऱ्या बायका त्या, त्यांना वेगळं सांगायला नको होतं.

"आणि या माणसाला सगळे म्हणतात, बस. का? तर त्याला एक... त्याला..." सुलभा अडकली.

"शब्द," स्मिता हळूच म्हणाली.

"मी शोधतेय, स्मिता. शोधू दे."

कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. सुलभा भिंतीकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, "तर त्याला एक अडखळ आली. अडखळ. मला हाच शब्द हवा होता. बघा, आला की नाही?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा कुणीतरी, बहुधा मधुराच, ओरडलं, "काकू, उखाणा! उखाण्याशिवाय वाटी नाही घेणार."

विधवेला उखाणा घ्या म्हणणं, आणि तोही कुणाच्या नावाचा? पण सुलभाने एक क्षण घेतला नाही.

"तिळाच्या लाडवात गुळाचा पाक,
हॅनिगनचं नाव घेते, हसेल त्याचं कापीन नाक!"

अशी दंगल माजली की खालच्या मजल्यावरच्या चिनी आजीबाई काय झालं म्हणून वर आल्या. त्यांनाही कुंकू लागलं आणि वाटी मिळाली. तिथून पुढे सगळ्या त्याला हॅनिगनभाऊच म्हणायला लागल्या.

"आता कामाचं बोलू," सुलभा म्हणाली. "मार्चच्या पहिल्या रविवारी मतदान आहे. ज्यांना ज्यांना मत आहे त्यांनी हात वर करा."

एकही हात वर नाही.

"अहो, अमेरिकेत राहून आलेल्या कितीजणी आहात?"

दहाबारा हात.

"मग?"

"काकू," मधुरा म्हणाली, "आम्ही सगळ्या व्हिसावर होतो. पाच वर्षं, सात वर्षं. ग्रीन कार्डाच्या रांगेत कंटाळून तर इकडे आलो. सिटिझन कुठे आहोत आम्ही? आम्हाला धड इथे मत नाही, अमेरिकेत नाही, आणि भारतात जायला तिकीट काढावं लागतं."

सुलभा खाली बसली. वॉर्ड पटवला होता, पण वॉर्डात मतदारच नव्हता. खिडकीवरची इतकी वर्षं, समोरच्याकडे कोणता कागद आहे हे आधी विचारायचं, ही पहिली पायरी, आणि तीच ती विसरली होती. आपल्याकडे हळदीकुंकवाला येणाऱ्या बाईला मत आहे का, हे कधी कुणी विचारतं का?

संजीव स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो काही बोलला नाही, हे त्याचं नशीब.

मधुरा मात्र वाटी उलटसुलट करत होती. "पण काकू, आमचा राजस डॅलसला झालाय."

"म्हणजे?"

"जन्म डॅलसचा. पासपोर्ट अमेरिकन. गेल्या महिन्यात अठरा झाला."

"आमची आर्या सिॲटलची," दुसरी म्हणाली.

"सौमित्र अटलांटा."

"माझी धाकटी पण, पण ती अजून सातवीत..."

सुलभा उठली. खोलीतल्या बायकांच्या पोटी अमेरिका निपजली होती आणि ती अमेरिका आतल्या खोलीत वल्लरीच्या पलंगावर बसून पावभाजी खात, फोनमध्ये डोकं घालून बसली होती. सुलभाने दार उघडलं.

"तुमच्यातले अठरा पूर्ण किती?"

पोरं दचकली. "व्हॉट डिड वी डू?" राजसने विचारलं.

"अजून काही नाही. तेच तर म्हणतेय."

पोरांना गोष्ट सांगायला ती तिथेच पलंगाच्या कडेला बसली. आर्याने फोनवर हॅनिगनचा तो अडखळलेला व्हिडिओ काढला. त्याच्यावर गाणं लावून, तोंडं चिकटवून पोरांनी एकमेकांना पाठवलेला. "आजी, ही इज अ मीम," ती म्हणाली, जरा ओशाळून.

"मग मी पण मीम आहे," आजी म्हणाली. "आत्ता बाहेर मी पण अडकले होते, ऐकलं का कुणी? सगळ्यांनी ऐकलं. तुम्ही माझा व्हिडिओ केलात?"

वल्लरी पावाचा तुकडा हातात धरून बसली होती. तो ताटलीत ठेवून म्हणाली, "आजी, मी येते मत द्यायला. पण हॅनिगनला देईनच असं नाही. आधी वाचीन."

"वाच. न वाचता दिलेलं मत मला नको."

यानंतरचे दिवस सुलभाने जसे घालवले तसे तिने निवृत्तीनंतर घालवले नव्हते. पोरांचा फोनवर गट झाला, 'हॅनिगन आजी गँग'. त्यात ती रोज बोलून निरोप टाकायची, टाइप करणं तिला मान्य नव्हतं. हॅनिगनने स्वच्छ पाण्यासाठी कायद्याचं कुठलं बिल मांडलं, कुठल्या कायद्याला काय मत दिलं, कुठे चुकला, कुठे बरोबर होता. चुकलेलंही सांगायची. राजसने विचारलं, "आजी, तुम्ही त्याच्या बाजूच्या आहात ना? मग त्याच्या मिस्टेक्स का सांगता?" "लायसन्स देताना गाडीचा ब्रेक तपासतात की नाही?" बुकित बातोकला मधुराकडे, यिशुनला सौमित्रच्या आजोळच्यांकडे, ती एकटी गाडीने गेली. संजीवने अडवलं, तेव्हा म्हणाली, "पुंगोलला पोहोचले तर तिथे प्रचार करीन."

हॅनिगन दुसऱ्या राज्यात पाचवा आला. टीव्हीवरची माणसं म्हणायला लागली, किती दिवस ताणणार? त्याच्याच पक्षातले म्हणायला लागले, आदराने बाजूला व्हा. सुलभाला एकच धास्ती: मार्चपर्यंत त्याने टिकावं. पहिल्या रविवारपर्यंत. मग काय करायचं ते करू दे.

तो टिकला नाही.

रविवारी सकाळी तिने इस्त्रीची साडी नेसली, पावडर लावली, आणि चहाला आली, तर वल्लरी फोन धरून उभी. "आजी. ही ड्रॉप्ड आउट. तासाभरापूर्वी."

सुलभाने चष्मा घालून वाचलं. हॅनिगन कुठल्यातरी शाळेच्या व्यायामशाळेत उभा होता, मागे झेंडा, शेजारी मुलगी. मोहीम थांबवतोय म्हणाला. कागदावरून वाचत होता, या वेळी अडखळला नाही.

स्मिताने चहा पुढे केला. "आई, बसा जरा."

"नको."

"जाऊ दे ना आता, आई," संजीव म्हणाला. बरं बोलला, चिडवलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. "तू खूप केलंस. आता गेलं काय, न गेलं काय. मत वाया जाणार."

फोनवर पोरांचे निरोप यायला लागले. राजस: सो स्टिल गोइंग ऑर नॉट आह? आर्या: परीक्षेचा अभ्यास आहे, जायचं नसेल तर सांगा. सौमित्रने नुसता रडका चेहरा पाठवला.

सुलभा खिडकीशी गेली. खाली दोन डब्यांची गाडी वळून गेली. घरातली तिघं तिच्या पाठीकडे बघत होती, ती कधी वळेल आणि किती रडेल याचा अंदाज घेत. वळली तेव्हा तिने फोन तोंडाशी धरला होता.

"मुलांनो, आजी बोलतेय. म्हातारा बसला. त्याला बसवला. तो त्याचा प्रश्न. मला कुणी बसवलेलं नाही. त्याचं नाव कागदावर छापलेलं आहे, छापलेलं नाव बसत नाही. मी अकराच्या गाडीने निघतेय. ज्याला यायचंय त्याने डोबी घाट स्टेशनच्या फाटकाशी भेटावं. ज्याला अभ्यास आहे त्याने अभ्यास करावा, पण मग खरंच करावा."

निरोप पाठवून तिने पदर खोचला. "वल्लरी, पासपोर्ट."

पासपोर्ट संजीवच्या कपाटात कुलपात असायचे. संजीव आत गेला. बाहेर आला तेव्हा हातात एक नाही, दोन नाही, तीन पासपोर्ट होते आणि पायात बूट.

"तू कुठे?" सुलभाने विचारलं.

"मत द्यायला. मलाही आहे ना मत?"

"कुणाला देणार?"

"गव्हर्नरला."

"बरं," ती म्हणाली. "छत्री घे."

मतदान एका कॉफीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. डोबी घाटला राजस आणि आर्या आधीच उभे होते, सौमित्र धावत आला. बाकीची दोघंतिघं आली नाहीत. वरती पंचवीसतीस माणसं, बहुतेक गोरी, हातात थंड कॉफी, गप्पा हॅनिगनच्या माघारीच्याच. टेबलाशी बसलेली मुलगी हसतमुख होती. तिने सुलभाचा पासपोर्ट तपासला, कागद पुढे केला आणि मायेने म्हणाली, "मॅडम, तुम्हाला माहीत असेलच, सिनेटर हॅनिगननी आज सकाळी..."

"त्यांचं नाव यावर आहे का?"

"आहे, पण ते आता..."

"बाळ, मी आयुष्यभर खिडकीवर बसले. खिडकीवरच्याचं काम कागद देणं. तुझं काम तू छान केलंस. आता रांग पुढे सरकव."

मागे कुणीतरी हसलं. एक उंच, पिकलेल्या दाढीचा माणूस म्हणाला, "मी क्लीव्हलंडचा. मीही त्यालाच देणार होतो. म्हटलं आता काय उपयोग."

"उपयोग?" सुलभा वळली. "तुमच्या आईने तुम्हाला काही उपयोग बघून जन्म दिला का?"

हे इंग्रजीत म्हणताना ती मध्ये अडखळली. संजीव शेजारीच उभा होता. त्याला शब्द ठाऊक होता, ओठावर आलेला दिसत होता. त्याने तोंड मिटून ठेवलं. तिने शब्द शोधला, सापडला, वाक्य पुरं केलं. त्या माणसाने पेन उचललं.

तिने हॅनिगनच्या नावापुढे खूण केली, दाबून, कागदाच्या मागे उमटेल अशी. वल्लरी बाजूच्या टेबलाशी बराच वेळ उभी होती. बाहेर आल्यावर आजीने काही विचारलं नाही. वल्लरीच म्हणाली, "दिलं. तुझ्यासाठी नाही हं. त्या पाण्याच्या बिलासाठी."

"ते बिल चांगलंच होतं."

"थोडं लाँग होतं, लाह."

निकाल आठवड्याने लागला. अख्ख्या जगभर गव्हर्नर. सिंगापुरातही गव्हर्नर. पण सिंगापूरच्या ओळीत हॅनिगन तिसरा होता, शून्य नव्हे, टक्के दोन आकडी. तोवर बसलेल्या माणसाला इतकी मतं जवळपासच्या कुठल्याच देशात पडली नव्हती. स्मिताने तिला आकडे वाचून दाखवले. संजीव म्हणाला, "आई, तिसरा."

"तिसऱ्याला पदक मिळतं," ती म्हणाली आणि दूध तापवायला ठेवलं. स्वतः. गॅसपाशी कुणी आलं नाही.

इथे तुझा किस्सा संपतो, सुलभा. संजीव सांगतो त्यात तू शेवटी रडतेस. तू रडली नाहीस. मी खाली त्या कॉफीच्या दुकानातच तुझी वाट बघत कॉफी पीत बसले होते, मला माहीत आहे. पोरांना आणि संजीवला पुढे पाठवून आपण दोघी मागे राहिलो, आणि चिनी नववर्षातली उरलेली कार्डं निम्म्या किमतीत विकणाऱ्या त्या दुकानात तू शिरलीस. सगळ्यात मोठं, लालभडक, सोनेरी अक्षरांचं निवडलंस. अक्षरं काय म्हणतात ते तुलाही कळत नव्हतं, मलाही नाही, आणि दुकानदार पैसे घेऊन लगेच जेवायला गेला. म्हणालीस, "एप्रिलमध्ये म्हाताऱ्याला ऐंशी पूर्ण होतायत, त्याला पाठवू. इंग्रजी तुझं बरं आहे, आत मजकूर तू लिही, पत्ता मी वल्लरीकडून काढून देते, आणि दोघी मिळून पोस्टात टाकू." मग माझ्या मुलाचा पास वाढला नाही आणि आम्ही घाईघाईने पुण्याला आलो. कार्ड माझ्या बॅगेतून आलं. आत अजून कोरं आहे. पत्ता तू देणार होतीस.